सापळ्यातलं नाव

"अर्निल म्हंजे काय वो, बाई?"

मी प्रुफातून मान वर केली. काउंटरच्या पलीकडे चोवीस-पंचवीस वर्षांची एक बाई उभी होती. खांद्याशी तीनेक महिन्यांचं बाळ, पायांवर धूळ, हातात घामानं मऊ पडलेली एक चोपडी आणि खूण म्हणून त्या चोपडीत घातलेलं स्वतःचंच बोट.

"कुठं वाचलंत हे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"हितंच की." तिनं चोपडी उघडली. "पान सात. 'दीर्घायुषी, घर न सोडणारा.' सातवी शिकलीया मी, वाचाया येतंय. पर आमचं गुरुजी म्हनत्यात, आसं नावच न्हाई. ष्टँडावरचा पुस्तकवाला म्हनला, नावांचं काय इचारायचं आसंल तर कोटणिसांच्या छापखान्यात जा. तितं एक बाई बसत्यात, त्यास्नी समदं ठावं हाय."

ती बाई म्हणजे मी. सिंधू घळसासी. एक्याण्णव सालचा मार्च होता तो, आणि कराडच्या कोटणिसांच्या छापखान्यात प्रुफं तपासायला लागून मला सात वर्षं झाली होती. लग्नपत्रिका, आरत्या, देवस्थानांची पावतीपुस्तकं यांवर आमचा गाडा चालायचा, पण मालक अण्णा कोटणीस यांचा जीव अडकला होता तो आमच्या नामावलीत. दोन हजार सातशे नावं, अर्थासकट. मुलांची आधी, मुलींची नंतर. गावोगावचे लोक बारसं ठरलं की एसटी स्टँडवरून ती विकत न्यायचे आणि नंतर एखादा अर्थ पटला नाही की आमच्या नावानं पत्रं लिहायचे. जगाच्या पोरांना नावं द्यायची आणि जगाकडून आपल्याला नावं ठेवून घ्यायची, असा तो उद्योग. त्या दोन हजार सातशे नावांची जबाबदारी माझ्यावर होती.

मी तिला बसायला सांगणार, तेवढ्यात आतून अण्णा आले. चिमटीत तपकीर होती, ती नाकापर्यंत पोचलीच नाही. त्यांची नजर चोपडीच्या कव्हरवर गेली होती. आमच्या नामावलीचं कव्हर पिवळं. हे गुलाबी होतं, वर गोबऱ्या गालांच्या बाळाचं चित्र.

"बघू, बघू जरा," म्हणत त्यांनी चोपडी तिच्या हातून जवळजवळ ओढलीच. तिचं बोट सातव्या पानावर होतं, त्यामुळे शोधायची वेळच आली नाही. अण्णा वाचू लागले आणि त्यांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

"सापडला! सिंधूबाई, सापडला हो चोर! अहो, शब्दन् शब्द उचललाय गाढवानं. अर्थसुद्धा!"

"कोन सापडला?" बाई घाबरून मागं सरकली.

"अहो ताई, लक्ष्मीच्या पावलांनी आलात तुम्ही. हे नावच नाही. जगात कुठंही नाही. खोटं नाव आहे हे! आमच्या ह्या बाईंनीच रचून घातलंय."

अण्णा मनानं वाईट नव्हते. पण आनंद झाला की समोरच्या माणसाचा चेहरा बघायची त्यांना सवय नव्हती. मी बघत होते. त्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सांगायला हवं की झालं काय होतं. पलीकडच्या जिल्ह्यातला एक प्रकाशक दोन आवृत्त्यांपासून आमची नामावली जशीच्या तशी छापून स्वस्तात विकत होता. अण्णा जळफळायचे, पण करणार काय? नावं काही कुणाच्या मालकीची नसतात. ज्ञानदेव आम्ही छापणार, ज्ञानदेव तोही छापणार. चोरी सिद्ध कशी करायची? तेव्हा अण्णांच्या वकिलांनी तोड काढली. जगात कुठंच नसलेलं एक नाव मधेच घालून द्या. तेच त्याच्या पुस्तकात उतरलं की चोर आपल्या पायांनी सापळ्यात आला. अण्णांनी ते काम माझ्याकडे दिलं. 'अ' ची नावं आमच्याकडे अकरा पानं व्यापायची. एवढ्या गर्दीत एक उपरं नाव कुणाला दिसतंय? मी पाच मिनिटांत नाव लिहून दिलं, पुढं अर्थही लिहिला. अण्णांनी ते दोनदा मोठ्यानं वाचून बघितलं आणि म्हणाले, "वा! अगदी खरं वाटतंय हो."

आणि आता ते नाव, पोटाशी मूल घेऊन, माझ्या काउंटरवर आलं होतं.

"खोटं म्हंजे?" बाई अण्णांना नाही, मला विचारत होती. "बाई, सायब चेष्टा करत्यात न्हवं?"

"तुम्ही आधी बसा," मी म्हटलं. "पाणी घ्या. नाव काय तुमचं?"

"शालन. शालन जाधव." ती बसली, पाण्याला हात लावला नाही. मग आपणहून सांगू लागली. चाफळच्या वाटेवरच्या एका वाडीतली होती. हे तिसरं बाळंतपण. पहिली मुलगी पंधरा दिवसांची होऊन गेली, दुसरा मुलगा महिन्याचा. आता हा. सासूनं जन्माच्या दिवशीच ठरवलं होतं, ह्याचं नाव धोंडू. दगडा-धोंड्याला यम हात लावत नाही म्हणतात. वाडीत चार धोंडू होते आणि चारही जण म्हातारे होऊन बिड्या ओढत बसले होते, हा सासूचा पुरावा.

"मला न्हाई पटलं," शालन म्हणाली. "म्या म्हनलं, दगुड म्हनून हाक मारायची, तर त्यो कशाला वळून बघंल? गुरुजींनी आद्याक्षर 'अ' काढलं हुतं. म्या ह्ये बुक आनलं, बोट फिरवत गेले नि हितं थांबलं. दीर्घायुषी. घर न सोडनारा. आजून काय पायजे, बाई? माझी दोन्ही घर सोडूनच गेली की."

अण्णांनी एवढ्यात तपकीर ओढली आणि शिंकले. बाळ दचकलं, पण रडलं नाही. बारीक होतं. हातांची बोटं काड्यांसारखी, डोळे मात्र टक्क उघडे.

"मागल्या म्हैन्यात ताप आला," ती सांगत होती. "चार दिस उतरंना. डागदरबी गप झालं. मंग म्या रातभर त्येच नावानं हाका मारल्या. बारसं झालं न्हवतं तरीबी. पाचव्या दिशी आंग गार पडलं. बारसं लांबवलं हुतं, ते उद्या हाय. पर गुरुजी म्हनलं आसं नाव न्हाई, कुठल्या पोथीत न्हाई, नि आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, हटून बसल्या. त्या म्हनल्या, त्या नावाचं मानूस कुटं तरी हाय का, इतकं इचारून ये. नसंल तर उद्या धोंडूच. म्हनून आले." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमीच सांगा. खोटं हाय?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती आणि दोन्ही द्यायची माझी छाती नव्हती. अण्णा शेजारी उभे होते. मी तिसरंच दिलं.

"मीच लिहिलंय ते," मी म्हटलं.

"आन अर्थ?"

"अर्थही."

ती हळूच म्हणाली, "मंग ताप कशानं उतारला?"

अण्णा घाईघाईनं म्हणाले, "अहो, 'अ' ची शेकडो नावं आहेत! अनिरुद्ध घ्या, अभिजित घ्या. ही आमची पिवळी प्रत घेऊन जा, माझ्याकडून भेट. फक्त ही गुलाबी चोपडी मला द्या, पुरावा आहे तो." शालन उठली. इतका वेळ चोपडीत असलेलं बोट तिनं काढलं, चोपडी काउंटरवर ठेवली, पिवळ्या प्रतीकडे बघितलंही नाही आणि पायऱ्या उतरून गेली.

अण्णांच्या खणात वकिलांनी करून दिलेला कागद डिसेंबरपासून तयार होता. चोर सापडण्याचीच काय ती खोटी होती. त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला, वर पेन ठेवलं.

"वाचा आणि करा सही. उद्याच वकिलांकडे देतो."

मी वाचलं. 'सदर नाव मी स्वतः कल्पनेने रचले असून ते कोणाही व्यक्तीचे नाव नाही व यापूर्वी कधीही नव्हते.'

पेन हातात घेतलं. 'सि' काढलं. पुढं हात जाईना.

"काय झालं?"

"आले मी, अण्णा. आत्ता येते."

"अहो, सही!"

मी चप्पल घालून निघाले होते. सात वर्षांत कामाच्या वेळेत मी छापखान्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. अण्णा दारात येऊन ओरडत राहिले. बाजारातून स्टँडपर्यंतची वाट मी कशी कापली ते मला आठवत नाही. आठवते ती एवढीच भीती, की चाफळची गाडी सुटलेली असेल. आणि दुसरी, की सुटलेली नसेल.

ती बाकावर बसली होती. पदराआड बाळाला पाजत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "धोंडू. धोंड्या. ए धोंड्या." जिभेला सवय लावत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नव्हतं.

मी शेजारी बसले. "शालन, मी तुझ्याशी अर्धंच खरं बोलले."

तिनं वळून बघितलं. राग नव्हता, फक्त दमलेली होती.

"ते नाव मी त्या दिवशी बसून बनवलं नाही. आधीपासून होतं. सहा वर्षांपासून."

"कुनाचं?"

"माझ्या मुलाचं."

तिचा चेहरा एकदम फुलला. सासूचा प्रश्न सुटला होता ना! त्या नावाचं माणूस होतं. "आगं बाई! मंग मगाशी का न्हाई बोललात? केवढा हाय? कुटं आसतो?"

मी मान हलवली. तिला कळायला एक क्षण लागला. मग तिनं काय केलं, तर बाळाचं डोकं पदराखाली ओढून घेतलं आणि बाकाच्या पार टोकाला सरकली. माझी दृष्ट लागेल, माझा वारा लागेल असं. मला त्याचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर उठून पळालेच असते.

"किती दिसाचा हुता?" तिनं तिथूनच विचारलं.

"नऊ. बारावा दिवस उजाडलाच नाही." आता सुरू केलं होतं तर थांबवत नव्हतं. "आम्ही दोघांनी आधीच जुळवलं होतं नाव. ह्यांना 'अ' हवा होता, मला शेवटी 'ल'. हाक मारायला लाडाचं वाटतं म्हणून. सातव्या महिन्यात, गच्चीवर बसून. मुलगी झाली तर काय, हे ठरवायचं राहूनच गेलं. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'सिंधू घळसासी यांचे बाळ' असं लिहिलं. बारशाआधी गेलेल्याला नाव नसतं. अण्णांनी नसलेलं नाव मागितलं, तेव्हा मला दुसरं सुचलंच नाही. कुठं तरी छापून येईल, एवढंच वाटलं गं. अकरा पानांत एका ओळीत. तू बोट ठेवशील असं मला वाटलं नव्हतं."

"आन अर्थ? दीर्घायुषी?"

"तो मला जो हवा होता तो लिहिला."

चाफळची गाडी लागली. लोक धावले. शालन उठली, पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे चालू लागली. मी बसून राहिले. वाटलं, करायला गेले काय आणि झालं काय. आधी तिला नाव नुसतं खोटं वाटत होतं, आता मी त्याच्यावर मेलेल्या पोराची सावली पाडून दिली. उद्या त्या लेकराचं काही बरंवाईट झालं, तर ती जन्मभर मला शिव्याशाप देईल, आणि ते बरोबरच असेल.

गाडीच्या खिडकीतून तिनं हाक मारली. "बाई!"

मी धावले. कंडक्टरनं घंटी मारली होती.

"त्येला कदी हाक मारली हुती का, त्या नावानं?"

"नाही."

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही. तो गेल्यापासून मी ते नाव तोंडानं उच्चारलेलं नाही. मनातसुद्धा सांभाळून."

ती काहीतरी विचार करत होती. गाडी हलली. "उद्या अकरा वाजता या," ती ओरडली. "जाधवांचं घर कुनीबी दाविल. आत्याबाईस्नी तुमीच सांगा काय त्ये!"

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे पाटबंधारे खात्यात होते, मुळात कमी बोलणारे. त्या नऊ दिवसांनंतर तर आमच्या घरात त्या विषयाला दारच नव्हतं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "छापलंस तू ते?"

"हो."

"मला दाखवलं नाहीस."

मी कपाटातून पिवळी नामावली काढून सातवं पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ ती एक ओळ वाचली. मग म्हणाले, "उद्या जाऊ नकोस, सिंधू. तिथं तुला नको नको ते बोलतील." थोड्या वेळानं म्हणाले, "पण जायला पाहिजे." जेवण दोघांनाही गेलं नाही.

वाडीत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओसरीत पाळणा टांगला होता, झेंडूची माळ घातली होती, घुगऱ्यांचा वास सुटला होता. पंधरा-वीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी आत शिरले तशी कुजबुज थांबली. शालननं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. तिनं घरात काही सांगितलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

तिची सासू गजराबाई पाळण्याशी बसली होती. काटक, कपाळावर गोंदण, दात दोनच पण आवाज खणखणीत. "ये, बस," ती म्हणाली. "तूच न्हवं का त्या नावाच्या बुकाची बाई? आमची सून म्हनती, त्या नावाचं तू सांगनार. सांग. गुरुजी म्हनत्यात, आसं नाव न्हाई. हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

"पुस्तकातलं नगं. मानूस हाय का त्या नावाचं?"

एक खोटं बोलणं काही जड नव्हतं. 'हो, पुण्याला असतो' म्हटलं असतं तर काम झालं असतं, आणि मी सुटले असते. शालनही बहुधा त्याचीच वाट बघत होती. पण पाळण्यातलं ते लेकरू टक्क डोळ्यांनी वर बघत होतं, आणि त्याच्या नावाची सुरुवात खोट्यानं करायची मला भीती वाटली. खरं बोलायची भीती त्याहून मोठी होती, तरीही.

"होतं," मी म्हटलं. "माझा मुलगा. नऊ दिवस जगला. बारसं झालं नाही, म्हणून ते नाव त्याला मिळालं नाही. मी ते पुस्तकात घातलं. तुमच्या सुनेला हे काल कळलं. तिचा काही दोष नाही, आजी. तुम्हाला नको असेल तर नका ठेवू. मी समजून घेईन."

कुणीतरी "आगं आयाऽ" म्हणालं. एका बाईनं तोंडाला पदर लावला. एक म्हातारी तर उठून उभीच राहिली आणि म्हणाली, "गजरा, अवदसा हाय ह्ये. पोरगं उचल तितनं." मी दाराकडे बघितलं. चप्पल कुठं काढली होती तेही आठवेना.

"तू बस, कोंडा," गजराबाई त्या म्हातारीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता ही थुंकणार.

"नऊ दिसाचा," ती म्हणाली.

"हो."

"दात आलं नसतील."

"नाही."

"चालला न्हाई. शाळंत गेला न्हाई. लगीन न्हाई, लेकरं न्हाईत. म्हातारपन न्हाई." ती बोटांवर मोजत होती. "माझीबी चार गेली, बाई. ह्या घरात एकच राह्यला, ह्या पोराचा बा. त्या चौघांचं नाव मी कदी काडलं न्हाई कुनापुढं. पर मनात येतंय, त्यास्नी दिल्यालं आयुक्ष कुटं जातंय? देवानं दिलं, त्यास्नी वापरता आलं न्हाई. मंग त्ये कुनाचं?"

शालन रडत होती.

"तुझ्या लेकानं नऊ दिस खाल्लं," गजराबाई म्हणाली. "बाकी समदं तसंच शिल्लक हाय. त्ये ह्याला लागू दे." मग तिनं सरकून माझ्यासाठी पाळण्याशी जागा केली. "माझ्या लेकाला भन न्हाई. ह्या पोराला आत्या न्हाई. नाव आत्यानं ठिवायचं आसतंय. तुझं हाय, तूच दे. दुसऱ्या कुनी देऊन कसं चालंल?"

मी पाळण्याशी बसले. बायकांनी "कुनी गोविंद घ्या, कुनी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातांत दिलं आणि शेवटी पाळण्यात ठेवलं. माझी पाळी आली. रीत साधी असते. कानाशी तोंड न्यायचं, 'कुर्र' म्हणायचं आणि नाव सांगायचं. मी वाकले. बाळाला तेलाचा आणि शेकाचा वास येत होता. तो वास मला सहा वर्षांनी आला. 'कुर्र' म्हटलं, आणि पुढं शब्द फुटेना. सहा वर्षं दात घट्ट मिटून सांभाळलेलं होतं. आता दिलं की माझ्याकडे काही उरत नाही, असं वाटलं. देऊ नये, असंही वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या क्षणी मला त्या लेकराचा हेवा वाटला.

"दे गं, बाई," गजराबाई हळू आवाजात म्हणाली. "दिल्यानं जात न्हाई."

"अर्णिल," मी म्हटलं.

रीतीप्रमाणं बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. हसत, ओरडत, नाव ठेवणाऱ्या आत्याला घालतात तसे. मी पाळण्याच्या दोरीला धरून हमसून हमसून रडले. सहा वर्षांत इतकी रडले नव्हते. कोंडाबाई म्हणाली, "लई जोरात मारलंसा गं पोरींनो," आणि माझी पाठ चोळू लागली.

अण्णांनी सोमवारी कागद पुन्हा पुढं ठेवला. मी सांगितलं, सही करता येणार नाही, कागदावरची गोष्ट खरी नाही. "कुणाचं नाव आहे हे?" त्यांनी विचारलं, तेव्हा तेही सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद फाडून टोपलीत टाकला आणि त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र वर्षभर टोमणे मारले. सापळा फुकट गेला, चोर मोकळा सुटला, आणि त्याची गुलाबी चोपडी गावोगाव खपत राहिली. तिच्याबरोबर ते नावही गेलं. आता माझं वय अडुसष्ट आहे. शाळांच्या निकालात, मतदारयाद्यांत, वर्तमानपत्रातल्या वाढदिवसाच्या जाहिरातींत ते अधूनमधून दिसतं. एकदा बार्शीच्या एका बाईंनी मला त्याचा अर्थ सांगितला, तो मी लिहिला होता त्याहून चांगला होता. हल्ली म्हणे ते वेदातलं आहे.

शालनचं दर संक्रांतीला कार्ड यायचं. त्यात एकच ओळ असायची, 'पोरगं बरं हाय'. तरी कार्ड हातात पडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. एका वर्षी संक्रांत होऊन आठ दिवस गेले, कार्ड आलं नाही. हे पोस्टात दोनदा जाऊन आले. मी छापखान्यात काम करत होते, पण एकही चूक सापडत नव्हती, म्हणजे मी वाचतच नव्हते. नवव्या दिवशी घरी फोन वाजला. वाडीत कुणीतरी नवा फोन घेतला होता. पलीकडे खूप खरखर होती, मागं शालन कुणाला तरी 'आत्या म्हन, आत्या म्हन' असं सांगत होती. मग एक मुलगा, सात वर्षांचा, घसा ताणून ओरडला.

"आत्या, म्या अर्निल बोलतोय!"

हे समोर उभे राहून विचारत होते, कोण आहे, काय झालं. मी फोन दोघांच्या मधे धरला.

"आत्या, ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय, बाळा," मी म्हटलं. "तू बोलत राहा."